हॉल्टरचे स्टिकर सारखे सुटतात? आधी कोणता सुटतो ते बघा

हॉल्टर म्हणजे छातीवरच्या स्टिकर-वायरींतून एक-दोन दिवस हृदयाचे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र. ते लावून घरी गेलेल्या माणसाला ‘रेकॉर्डिंग नीट आलं नाही, पुन्हा लावावं लागेल’ असा फोन गेला की त्याच्या पोटात गोळा येतो. नक्की काहीतरी सापडलंय आणि हे लोक सांगत नाहीयेत, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा हृदयाचा त्यात काही संबंध नसतो. एखादा स्टिकर अर्धवट सुटलेला असतो, एखादी वायर ताणलेली असते, आणि तासन्‌तास कागदावर हृदयाच्या ठोक्यांऐवजी नुसती खरखर उमटलेली असते. पुन्हा लावलं, पुन्हा तेच, असंही होतं. हे लिखाण त्या ‘पुन्हा तेच’साठी आहे.

मी हे यंत्र लोकांना लावते आणि परत आल्यावर त्यातलं रेकॉर्डिंग उघडूनही बघते, त्यामुळे घरी काय झालं असेल ते आलेखावरून बऱ्यापैकी कळतं. माझं मत विचाराल तर स्टिकरच्या गोंदाला जितका दोष दिला जातो तितका त्याचा नसतो. लोक टेपवर टेप चिकटवत जातात आणि खरं कारण तसंच राहतं.

सुरुवातीलाच एक गोष्ट. हॉल्टर नुसतं नोंद करून ठेवतं. तुम्ही घरी असताना दुसऱ्या टोकाला बसून कुणी तो आलेख बघत नसतं. त्यामुळे छातीत दुखलं, दम लागला, भोवळ येऊन पडलात किंवा पडता पडता वाचलात, तर यंत्रावरचं त्रासाची वेळ नोंदवायचं बटण दाबून स्वस्थ बसायचं नाही. सरळ तातडीची मदत बोलवायची. स्टिकर, वायरी, रेकॉर्डिंग हे सगळं त्यानंतर.

कोणता सुटतो?

स्टिकर सुटला की आपण तो दाबून बसवतो आणि विसरून जातो. इथेच गाडी अडते. कोणता सुटला आणि त्या वेळी काय चाललं होतं, एवढं लिहून ठेवलंत तर अर्धं निदान तिथेच होतं.

दर वेळी तोच एक सुटत असेल तर दोष जागेत आहे किंवा त्या वायरीत. सगळेच एकेक करून कडेनं उचलले जात असतील तर दोष त्वचेच्या तयारीत आहे, किंवा स्टिकरच जुने आहेत. फक्त रात्री सुटत असतील तर झोपायची पद्धत आणि यंत्र कुठे ठेवता ते बघायचं. आणि एकही सुटलेला नसताना यंत्र तक्रार करत असेल तर दोष वायर स्टिकरला जोडणाऱ्या टिचबटणात किंवा वायरीत. या चार प्रकारांवर उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून सरसकट टेप मारून काम होत नाही.

यंत्र लावून झाल्यावर, घरी निघण्याआधीच मोबाइलवर छातीचा एक फोटो काढून ठेवा. कुठला रंग कुठे आहे हे त्यात स्पष्ट दिसलं पाहिजे. रंगांची माहिती इंटरनेटवर शोधायला जाऊ नका. वायरींच्या रंगांच्या दोन पद्धती जगभर चालतात. अमेरिकी पद्धतीत उजव्या हाताची वायर पांढरी आणि डाव्या पायाची लाल; दुसऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत उजव्या हाताची लाल आणि डाव्या पायाची हिरवी. म्हणजे लाल वायर एका चित्रात वर आणि दुसऱ्यात खाली. शिवाय हॉल्टरच्या कंपन्या आपापले रंग वापरतात ते निराळेच. तुमचा फोटो हाच तुमचा नकाशा.

वायरीचं ओझं

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हे, म्हणून इथे जरा थांबते.

नॉर्मन हॉल्टर या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४०च्या दशकात हृदयाची लय चालता-फिरता टिपायचं पहिलं यंत्र तयार केलं, तेव्हा ते पाठीवर बांधून वाहावं लागे आणि त्याचं वजन सुमारे ३८ किलो होतं. आजचं यंत्र तळहातात मावतं. पण तळहातात मावणारं यंत्रसुद्धा वायरींवर लोंबकळत राहिलं, तर एका स्टिकरची कड उचलायला पुरेसं असतं. यंत्र कमरेच्या पट्ट्याला किंवा गळ्यातल्या पिशवीत हवं, आणि पिशवीची दोरी इतकी आखूड हवी की वाकल्यावर यंत्र पुढे झोके घेणार नाही. वजन दोरीवर जायला हवं. वायरीवर ते अजिबात पडता कामा नये.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक स्टिकरपाशी वायरीला थोडी ढील. वायर टिचबटणातून निघाल्यावर लगेच खाली यंत्राकडे न नेता तिचं रुपयाएवढं एक वेटोळं करायचं. स्टिकरपासून दोन बोटं अंतरावर, कोरड्या त्वचेवर ते वेटोळं कागदी मेडिकल टेपच्या तुकड्यानं धरून ठेवायचं. आता हात वर केलात, वळलात, वायर कुठे अडकली, तरी ओढ आधी वेटोळ्याला आणि टेपला बसते. स्टिकरपर्यंत ती पोचतच नाही. यंत्र लावून देणाऱ्या केंद्रात हे कुणी करून दिलं नसेल तर सांगून करून घ्या. एवढ्या एका वेटोळ्यानं ‘दर वेळी तोच सुटतो’ ही तक्रार संपल्याचं मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

टेप मात्र स्टिकरच्या मध्यभागावर आडवी मारू नका. मधल्या टिचबटणाखाली जेल असतं. त्यावर सतत दाब आला की जेल कडेच्या गोंदात पसरतं, आणि जेल लागलेला गोंद पुन्हा धरत नाही. टेप लावायचीच असेल तर कडांवर, चौकटीसारखी.

वरून घालायचा कपडाही महत्त्वाचा. आत अंगाबरोबर बसणारा पण न आवळणारा सुती बनियन किंवा टी-शर्ट, वर हवं ते. सैल सदऱ्यात वायरी मोकळ्या हलतात आणि दाराच्या कड्यात, बॅगेच्या पट्ट्यात अडकतात. ब्रेसियरची पट्टी किंवा खालची तार नेमकी स्टिकरवर येत असेल तर लावतानाच सांगा; तो थोडा खाली सरकवता येतो. बायका संकोचानं बोलत नाहीत आणि मग दिवसभर तो एकच स्टिकर घासला जातो.

त्वचा तयार नसेल तर

स्टिकर त्वचेवर चिकटतो असं आपण म्हणतो, पण खरं म्हणजे तो त्वचेवरच्या मृत पेशींच्या पातळ थराला चिकटतो. त्यावर तेल, लोशन, पावडर असेल तर तो त्यालाच चिकटणार आणि त्याच्याबरोबर निघून येणार. हाच थर विजेलाही अडथळा करतो, त्यामुळे तयारी कच्ची राहिली की स्टिकर सुटतोही आणि जागेवर असतानाही नोंद खराब येते.

म्हणून यंत्र लावायच्या दिवशी साध्या साबणानं आंघोळ करा, छातीला खसखसून टॉवेल लावा, आणि त्यानंतर अंगाला काहीही लावू नका. मॉइश्चरायझर असलेला साबणही त्या दिवशी टाळा. छातीवर केस असतील तर ते काढावेच लागतात, त्याला पर्याय नाही. घरी ब्लेडनं घाईघाईत करण्यापेक्षा केंद्रात ट्रिमरनं करून घेतलेलं बरं. ब्लेडनं बारीक ओरखडे उठतात आणि त्यावर जेल लागलं की चुरचुरतं.

घरी स्टिकर बदलायची परवानगी दिली असेल आणि जादाचे स्टिकर बरोबर दिले असतील, तर क्रम असा ठेवा. जुना स्टिकर कडेनं धरून, त्वचेला समांतर, हळूहळू मागे दुमडत काढा. वर झटका देऊ नका. जागा ओल्या फडक्यानं पुसा आणि पूर्ण कोरडी होऊ द्या. स्पिरिटचा बोळा फिरवला असेल तर तो उडून जाईपर्यंत थांबा. कोरड्या जाळीच्या कापडानं दोन-चार वेळा हलकं घासा, त्वचा किंचित गुलाबी दिसेल इतकंच. मग टिचबटण आधी स्टिकरला लावा आणि नंतर स्टिकर छातीवर. उलट केलंत तर बटण बसवायला छातीवर जोर द्यावा लागतो, दुखतं, आणि जेल कडेला पसरतं. चिकटवताना बोट कडेकडेनं गोल फिरवा आणि शेवटी अर्धा मिनिट तळहात ठेवा. हा गोंद उबेनं आणि दाबानं धरतो.

स्टिकरचं पाकीट उघडं पडून राहिलेलं असेल तर जेल वाळतं. कागद सोलल्यावर मधला भाग ओलसर, चकाकता दिसला पाहिजे. कोरडा, पांढुरका दिसला तर तो स्टिकर फेकून द्या. पाकिटावरची मुदतही बघा.

घामाचं काय करायचं, हा नेहमीचा प्रश्न. लावल्यावर पहिले काही तास घाम येईल असं काम टाळता आलं तर टाळा, कारण गोंद तेवढ्यात पक्का धरतो. पण म्हणून पुढचे २४ किंवा ४८ तास पंख्याखाली निपचित पडून राहू नका. तपासणी खराब होईल या भीतीनं लोक जिना चढत नाहीत, फिरायला जात नाहीत. मग ज्या धडधडीसाठी हॉल्टर लावलं ती येतच नाही, आणि स्वच्छ रेकॉर्डिंगमधून काहीच हाती लागत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर नेहमीचं सगळं करा. त्यासाठी एखादा स्टिकर सुटला तरी परवडलं.

खाज आणि लाली

स्टिकरखाली थोडी खाज आणि काढल्यावर तेवढ्या आकाराची लाली बहुतेकांना येते, आणि ती एक-दोन दिवसांत जाते. ती सोसायची. खाजवायचं नाही, कारण खाजवल्यानं कडा सुटतात आणि आलेखावर तुमच्या नखांचीच लय उमटते.

लाली स्टिकरच्या बाहेर पसरली, पाणी भरलेले फोड आले, आग होऊ लागली, तर ती नुसती जळजळ नाही, ॲलर्जी असू शकते. काही जणांना गोंदातल्या ॲक्रिलेटसारख्या रसायनांची असते. अशा वेळी केंद्राला फोन करा. स्टिकरखाली मलम चोपडून तसंच ओढू नका. मलमावर स्टिकर टिकत नाही आणि ॲलर्जीही दबत नाही. दुसऱ्या प्रकारच्या गोंदाचे, संवेदनशील त्वचेसाठी बनवलेले स्टिकर मिळतात. पूर्वी कधी बँड-एडनं किंवा ड्रेसिंगच्या टेपनं अंग उठलं असेल तर ते यंत्र लावायच्या आधीच सांगायची गोष्ट आहे.

लाल झालेल्या जागेवर नवा स्टिकर लावू नये. तिच्या शेजारी, शक्यतो बरगडीच्या किंवा छातीच्या मधल्या हाडावर लावावा, मऊ मांसल भागावर नको. किती सरकवायचं ते केंद्राला विचारा आणि सरकवल्याचं नोंदींच्या वहीत लिहा.

सुटलं काहीच नाही, तरी रेकॉर्डिंग खराब

हे लोकांना पटत नाही. ‘ताई, एकसुद्धा हलला नव्हता हो, मी स्वतः बघत होतो!’ खरं असतं ते. पण त्वचेवर हृदयाचा जो विद्युत संकेत मिळतो तो जेमतेम एक मिलिव्होल्टच्या घरातला. त्वचा नुसती ताणली तरी तिच्यात त्याहून मोठा फरक पडू शकतो. छातीचे आणि खांद्याचे स्नायू आवळले की त्यांचे संकेत आणखी वेगळे. त्यामुळे ठोक्याच्या बारीक रेघेवर हालचालीची मोठी लाट चढते.

यातली सर्वांत फसवी हालचाल म्हणजे दात घासणं. हात ठरावीक वेगानं पुढे-मागे होतो आणि आलेखावर जे उमटतं ते हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून निघालेल्या धोकादायक वेगवान लयीसारखं हुबेहूब दिसू शकतं. अनुभवी माणूस त्या गोंधळातून डोकावणारे नेहमीचे ठोके शोधून काढतो, पण ‘सकाळी ७ वाजून १० मिनिटं, ब्रश’ एवढी नोंद वहीत असली तर शंकेला जागाच राहत नाही. डोकं खाजवणं, भांडी घासणं, कुकरचं झाकण जोर लावून उघडणं, बाळाला थोपटणं, हे सगळं त्यातच मोडतं.

हाताला कंप असेल, विशेषतः पार्किन्सनचा, तर तो जरूर सांगा. तो कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होतो. आणि हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ‘फ्लटर’ नावाचा जो विकार आहे त्याचा वेग मिनिटाला ३०० च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ५. एकाचं दुसऱ्यासारखं दिसणं यात नवल नाही.

विद्युत ब्लँकेट रात्रभर वापरू नका. मोबाइल यंत्राला चिकटवून एकाच खिशात ठेवू नका; वीतभर अंतर पुरतं. चुंबक असलेले पट्टे, गळ्यातली चुंबकाची माळ वगैरे काढून ठेवा. एमआरआय ठरलेला असेल तर आधी सांगा, कारण हे यंत्र लावून तिथे जाता येत नाही. घरातल्या बाकी उपकरणांची फार धास्ती घ्यायचं कारण नाही. स्टिकर नीट बसलेले असले की विजेची गुणगुण आपोआप कमी होते. ती वाढते ती कड उचललेली असतानाच.

रात्रीचं वाजणं

यंत्र वाजलं किंवा त्यावर लीड (म्हणजे स्टिकर-वायरीची जोडणी) सुटल्याची खूण दिसली, की पहिला नियम: बंद करू नका आणि बॅटरी काढू नका. काही यंत्रांत बॅटरी काढली की नोंद तिथेच संपते.

दिवा लावा. फोटोशी पडताळून प्रत्येक स्टिकरच्या कडेवरून बोट फिरवा. मग प्रत्येक टिचबटण किंचित फिरवून बघा. नीट बसलेलं बटण गोल फिरतं पण उचललं जात नाही. मग वायर यंत्रात जिथे जाते तिथला खटका बघा. एवढं करून मिनिटभर थांबा, कारण काही यंत्रं लगेच शांत होत नाहीत. तरी वाजत असेल तर संशयित जागेवर नवा स्टिकर. नव्या, ओलसर जेलच्या स्टिकरवरही तीच वायर तक्रार करत असेल तर दोष वायरीचा आहे. वायरी बहुधा बटणाच्या किंवा यंत्राच्या तोंडाशी आतून तुटतात आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यावर घरी इलाज नाही. वायरींची अदलाबदल करून प्रयोग करू नका. आलेखाचा अर्थच बदलतो. वेळ लिहून ठेवा, झोपा, सकाळी फोन करा. उरलेल्या लीडवरून लय कित्येकदा वाचता येते.

कुशीवर झोपायची सवय असेल तर यंत्र ज्या कुशीवर झोपता तिच्या विरुद्ध बाजूला, अंगाच्या पुढे ठेवा. पाठीमागे गेलं की कूस बदलताना वायरी अंगाखाली अडकतात. पालथं झोपणाऱ्यांनी त्या रात्रीपुरती पोटाशी एक उशी घेतली तर निम्मं ओझं हलकं होतं.

वायरी नसलेला पॅच असेल तर

काही जणांना छातीवर एकच मोठा पॅच लावतात आणि तो १४ दिवसांपर्यंतही ठेवतात. तिथे वायरीचा प्रश्न नाही, पण त्वचेचा वरचा थर रोज झडत असतो, त्यामुळे काही दिवसांनी कडा उचलल्या जाणारच. उचललेली कड कात्रीनं कापू नका आणि पूर्ण काढून पुन्हा लावायला जाऊ नका. बहुतेक पॅच एकदा निघाले की पुन्हा धरत नाहीत. वरून कडेला मेडिकल टेप लावा आणि केंद्राला कळवा. आंघोळीचे नियम प्रत्येक पॅचचे वेगळे असतात. चालत असेल तरी पाण्याची धार पाठीवर घ्या, आणि पॅच नंतर टिपून कोरडा करा, घासू नका. पॅचबरोबर मोबाइलसारखं दुसरं यंत्र दिलं असेल तर ते चार्ज ठेवा आणि रात्री उशाजवळ असू द्या.

परत देताना

दिवसभरात हृदयाचे साधारण एक लाख ठोके पडतात, आणि आमच्यासमोर येतो तो एवढा सगळा आलेख. त्यातलं काय तुमचं आणि काय स्टिकरचं, हे ठरवायला वहीच उपयोगी पडते. धडधड झाली तेव्हा बटण दाबलंत, पण वेळ आणि ‘काय करत होतो’ लिहिलं नाही, तर ते बटण निम्मं वाया गेलं. यंत्रावरचं घड्याळ आणि तुमचं घड्याळ सुरुवातीलाच जुळवून घ्या, फरक असेल तर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

कोणता स्टिकर कधी सुटला, कधी बदलला, किती सरकवला, हेही त्याच वहीत असू द्या. लपवायचं काही नाही. ‘रात्री दीड ते पावणेदोन, डावीकडचा खालचा निघाला होता’ असं एक वाक्य असलं की आम्ही तेवढा भाग बाजूला ठेवून पुढे वाचतो.

आणि एवढं करूनही दुसऱ्यांदा रेकॉर्डिंग वाया गेलं असेल, तर तिसऱ्यांदा तेच यंत्र, त्याच जागा, तेच स्टिकर असं होऊ देऊ नका. आधीच्या खराब भागात नेमकी कुठली लीड गेली होती ते विचारा. सॉफ्टवेअरमध्ये ते दिसतं. त्यानुसार वेगळ्या गोंदाचे स्टिकर, नवी केबल किंवा पॅच देता येतो का, हे विचारा. त्रास महिन्यातून एखाद्याच वेळी होत असेल तर २४ तासांचं हॉल्टर स्वच्छ निघूनही हाती काही लागणार नाही. अशा वेळी महिनाभर जवळ ठेवायचा इव्हेंट मॉनिटर किंवा त्वचेखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर हे पर्याय असतात. तुमच्यासाठी त्यातलं काय योग्य, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.